वडिलांची किडनी बदलली आहे. घरी मांजर आणि शेळ्या आहेत, विकून टाकाव्यात का?

विकू नका. मी सोलापूरजवळच्या गावांत जनावरांची डॉक्टरकी करतो. हा प्रश्न मला गोठ्यात उभ्या उभ्या विचारतात आणि दरवेळी बोट मांजराकडेच असतं. मला जास्त धास्ती करडांची वाटते.

आठ-पंधरा दिवसांचं करडू, शेपटीखाली पिवळट पाणचट हगवण चिकटलेली. त्यात बऱ्याचदा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असतो. धडधाकट माणसाचे जुलाब आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतात. पण किडनी टिकावी म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांच्या पोटात तो महिनोन्‌महिने मुक्काम ठोकू शकतो. वर जुलाबांत टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी चढते आणि किडनी वाचवणारी गोळीच किडनीला त्रास देते. तेव्हा करडांना बाटलीनं पाजणं, गोठा झाडणं ही कामं वडिलांकडून काढून घ्या. बाकीच्यांनी साबणानं हात धुवावेत. सॅनिटायझरला हा जंतू दाद देत नाही.

क्लोरीनच्या थेंबांनाही देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून यानं सुमारे ४ लाख लोक आजारी पाडले, आणि ते पाणी क्लोरीन घातलेलंच होतं. आपल्याकडे तर काही दिवसांआड येणारं उजनीचं पाणी टाकीत साठवायचं! वडिलांचं पिण्याचं पाणी खळखळून उकळा, मिनिटभर तसंच उकळत ठेवा. तुरटीनं नुसता गाळ बसतो. निरसं दूध नकोच.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो, पण सहसा मांजराच्या आयुष्यात एकदाच, तेही दोन-तीन आठवडे. विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ती रोजच्या रोज काढावी. वाळूच्या ढिगात, कुंडीत वडिलांनी हात घालू नये. हाच परजीवी शेळीच्या मांसातही असतो. रटरटून शिजवलेल्या मटणाची भीती नाही, तव्यावर अर्धकच्ची राहिलेली कलेजी मात्र नको.

जुलाब लागले, किंवा डोकं सतत दुखून वागण्या-बोलण्यात फरक पडला, झटका आला, तर त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना गाठा. गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका. घरात शेळ्या आणि मांजर आहे, हे आपणहून सांगा. शौचाच्या साध्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम सहज निसटतो. त्यासाठी ॲसिड-फास्ट रंग देऊन स्लाइड पाहावी लागते, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिल्याशिवाय लॅबवाले ती सहसा करत नाहीत.