वडील गेल्यावर लगेच परदेशी जावं का?

वडिलांना जाऊन दोन महिने झालेत, नोकरीचं पत्र आणि व्हिसा हातात आहे, मुलगी सहा वर्षांची, आई भावाकडे राहणार. अशात निघावं की वर्षभर थांबावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर निघा. आम्हीही सासरे गेल्यावर लगेचच निघालो होतो. फक्त पहिले काही महिने स्वतःच्या डोक्यावर फार विसंबू नका.

दुःखात माणूस रडतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो किल्ली आत ठेवून दार ओढून घेतो, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे एकच बिल दोघांनी भरलं, सुट्टीच्या दिवशी मुलाला तयार करून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. शाळेच्या फॉर्मवर 'तातडीचा संपर्क' या रकान्यात नवऱ्याने हाताच्या सवयीने वडिलांचाच नंबर लिहिला. मीही तो फॉर्म वाचून सही केली होती! असल्या गोष्टी झाल्या की 'आपल्याला हा देश जमत नाहीये' असं वाटायला लागतं. देशाचा काही संबंध नसतो हो. भिंतीवर एक मोठा कागद लावा, तारखा त्यावर लिहा, आणि कुठल्याही फॉर्मवर सही दुसऱ्या दिवशी करा. घर विकत घेणं, गाडीचं कर्ज असले निर्णय तूर्त बाजूला.

१९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या उलथापालथींना त्यांच्या ताणाप्रमाणे गुण दिले होते: जवळच्या नातलगाचा मृत्यू ६३, कामाचं स्वरूप बदलणं ३६, घर बदलणं २०. ताप मोजावा तसे हे आकडे धरू नयेत, पण तुमच्याकडे तिन्ही एकदम येताहेत एवढं ध्यानात असू द्या. कंपनीशी बोलून रुजू व्हायची तारीख थोडी पुढे मिळत असेल तर संकोच न करता मागा.

निघण्यापूर्वी वडिलांच्या मोबाइल नंबरचं काय करायचं ते ठरवा. बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील तर आधी ते मार्गी लावा. नंबर बंद पडला की काही काळाने तो दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. शिवाय वापर थांबल्यावर साधारण १२० दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅप खातं काढून टाकतं आणि घरच्या ग्रुपवर त्या माणसाने ग्रुप सोडल्याची ओळ उमटते. आमच्या सासूबाईंचा ऐन मध्यरात्री फोन आला, "अगं, ह्यांनी ग्रुप सोडला म्हणून दाखवतंय." मला हसू आलं, मग त्यांनाही आलं, आणि मग दोघींनाही बोलता येईना. तुमच्या आईला हे आधीच सांगून ठेवा.

मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढा. तिकडे तो दाखवायची वेळ येणार असेल आणि तो देश १९६१ च्या हेग कराराचा सदस्य असेल, तर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची त्या करारातल्या देशांत चालणारी सरकारी मोहोर, करून घ्या. दाखला ज्या देशाचा, अपोस्टिल त्याच देशात होतं, म्हणजे नंतर परक्या गावात बसून फोनाफोनी आली.

आता मुलगी. तिला 'आजोबा लांबच्या प्रवासाला गेलेत' असं सांगितलं असेल तर आजच ते दुरुस्त करा. उद्या तुम्हीही बॅगा भरून लांबच्या प्रवासालाच निघणार आहात, आणि तिच्या लेखी त्या प्रवासातून कुणी परत येत नाही. 'आजोबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत' असं सरळ सांगा. ती ऐकेल आणि लगेच खेळायला पळेल. मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं, त्याला निर्विकारपणा समजू नका. आमच्या मुलाने नव्या घरात सामान उघडताना विचारलं होतं, "आजोबांना आपला पत्ता कोण देणार?" उत्तर दिलं, चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा. प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचं, कंटाळायचं नाही. शाळेलाही आधीच कळवा. बाईंना ठाऊक असलं की वर्गात अचानक रडू आलं तरी गोंधळ होत नाही.

आईशी फोनची वेळ ठरलेली ठेवा, आणि फोन कधीकधी तुमच्या पत्नीने किंवा मुलीने करावा. रोज तुम्हीच केलात तर दोघंही एकमेकांना 'मी बरा आहे', 'मी बरी आहे' एवढंच सांगत राहाल. आणि बरेच महिने उलटूनही झोप, जेवण, काम काहीच रुळावर येत नसेल तर डॉक्टरांकडे जा. तिथल्या विम्यात समुपदेशन बसतं का, हे आत्ताच कंपनीला विचारून घ्या.