बांध दीड फुटाचा, भांडण पाण्याचं

"ताई, आम्हा दोघा भावांची वाटणी होऊन 8 वर्षं झाली. विहीर माझ्या हिश्श्यात आली, तिच्यावर थोरल्याची पाण्याची पाळी ठरली होती. दोन वर्षांपूर्वी मोटारीच्या बिलावरून वाजलं आणि मी पाळी बंद केली. त्या उन्हाळ्यात त्याची मोसंबी वाळली, पण त्यात माझा काय दोष? आता दोन वर्षांपासून तो नांगरट करताना बांध कोरतोय. यंदा तर दीड फूट आत आला. बोललो तर म्हणतो, जा कोर्टात. चार पोरं घेऊन बांध सरळ करावा म्हणतो. बायको म्हणते आधी ताईंना विचारा. सलोखा योजनेत काही होतं का?"
– जालना जिल्ह्यातला एक शेतकरी

भाऊ,

बायकोचं ऐकलंत, बरं केलंत. तुम्ही चार पोरं नेलीत तर तिकडूनही चार निघतील. पोलीस दोघांचीही तक्रार घेतील आणि पुढची कित्येक वर्षं दोघे भाऊ एकाच एसटीनं तारखेला जाल, तोंडं दोन खिडक्यांकडे करून.

सलोखा योजना तुमच्या कामाची नाही. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, तीही निदान 12 वर्षं, अशांना अदलाबदलीचा दस्त स्वस्तात करून देण्यासाठी ती आहे.

आता हिशोब करू. तुमचा बांध किती लांब ते लिहिलं नाहीत. 400 फूट धरू. दीड फुटाने 600 चौरस फूट होतात. गुंठा 1089 चौरस फुटांचा. म्हणजे भांडण अर्ध्या गुंठ्याहून जरासं जास्त. सोडून द्या असं मी म्हणत नाही, जमीन तुमचीच आहे. पण एवढ्यासाठी डोकं फुटायची वेळ येते, तेव्हा मामला बांधाचा नसतो.

तुमचंच पत्र पुन्हा वाचा. पाणी दोन वर्षांपूर्वी तोडलंत. बांध कोरणं दोन वर्षांपासून. हे दोन्ही तुम्हीच लिहिलंत, फक्त एकाशेजारी एक ठेवून पाहिलं नाहीत.

मोसंबीचं झाड हाती यायला चार-पाच वर्षं जातात. तोवर पोरासारखं सांभाळायचं, खोडाला बोर्डोपेस्ट, उन्हाळ्यात आळ्यात पाचट. ती बाग डोळ्यांदेखत वाळत असताना शंभर पावलांवर भावाच्या विहिरीत मोटार चालल्याचा आवाज येत असेल, तर माणसाला काय वाटेल? बिल त्यानं थकवलं असेल, चूक त्याचीही असेल. पण तुमचा दंड बिलापेक्षा फार मोठा झाला. तो नांगर घालतो तेव्हा जमीन घेत नाही, राग काढतो. हे त्याचं समर्थन नव्हे. बांध कोरणं चूकच.

माझ्या वडिलांनी चुलत्यांविरुद्ध अशीच केस जिंकली होती. निकालाच्या दिवशी पेढे आणले. शेजारचं दार बंद होतं, ते काही उघडलं नाही. आई तो डबा कितीतरी दिवस फळीवरून हलवायला तयार नव्हती.

मोजणी मागवाच, पण आत्ता नको. भूमी अभिलेखचा माणूस हद्द दाखवून जातो, ताबा काढून देत नाही. आज मागवलीत तर थोरल्याला ती नोटीस म्हणजे दुसरा घाव वाटेल. महिन्याभरानं दोघांनी मिळून अर्ज केलात, तर त्याच खुणा दोघेही मानतील.

आधी त्याच्या घरी जा. बांधावर नको, तिथं दोघांचाही आवाज आपोआप चढतो. संध्याकाळी, एकटे, जेवणाच्या आधी. मोटारीच्या बिलाची वही आणि वाटणीपत्र बरोबर न्या, पण पिशवीतच ठेवा. पहिलं वाक्य मोसंबीचं असू द्या: "दादा, झाडं वाळली तेव्हा मी पाणी सोडायला हवं होतं." पुढे "पण" लावू नका. तो ओरडेल, दोन वर्षांचं साचलेलं बाहेर येईल. ऐकून घ्या. वहिनी मध्ये बोलल्या तर त्यांचंही ऐका, पाणी भरायचा त्रास त्यांनाच जास्त झाला असणार.

बांधाचा विषय त्या दिवशी तुम्ही काढू नका. त्यानं काढला तर वही बाहेर काढा: बिल निम्मं-निम्मं, पाळीचे वार ठरवून, दोघांच्या सह्या.

आणि ज्या ट्रॅक्टरवाल्याला बांध सरळ करायला सांगून ठेवलं असेल, त्याला आजच फोन करून थांबवा.

– तुमची ताई