नाशिकमध्ये लिले मिळत नाही, शेकर नाही. घरी व्हेस्पर मार्टिनी कशी करावी?

शेकरची काळजी सोडा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. अडचण लिलेची, म्हणजे या पेयात लागणाऱ्या फ्रेंच वाइनची आहे, आणि ती नाशिककराला इतरांपेक्षा सोपी जाते.

जिन आणि व्होडका एकत्र असलेलं हे कॉकटेल १९५३ सालच्या ‘कॅसिनो रोयाल’ या कादंबरीतलं. इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड त्यात बारमनला प्रमाण सांगतो: तीन माप जिन, एक माप व्होडका, अर्धं माप किना लिले, वरून लिंबाच्या सालीचा मोठा पातळ काप. ही किना लिले म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागातली, क्विनीनचा कडवटपणा असलेली पांढरी वाइन. ती आता बनत नाही. हल्लीची लिले ब्लाँ बरीच कमी कडू असते. म्हणजे आपल्याला हवं काय, तर पांढरी वाइन आणि थोडा कडवटपणा.

दिंडोरी-गंगापूर पट्ट्यातली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन इथे कुठल्याही वाइन शॉपमध्ये मिळते. तिला फळांचा वास असतो, किंचित गोडवा असतो. त्यात अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडवट अर्काचे) दोन थेंब घातले की काम होतं. चव तंतोतंत लिलेची नाही, पण पेय छान जमतं. घरी ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींच्या स्वादाची, गोड नसलेली वाइन) असेल तर तीही चालेल, फक्त थोडी रुक्ष लागते.

प्रमाण मात्र निम्मं करा, हे मी आग्रहाने सांगतो. एक माप ३० मिली धरलं तर मूळ प्रमाणात ९० मिली जिन आणि ३० मिली व्होडका होते, म्हणजे एका ग्लासात दोन लार्ज पेग. गार असल्यामुळे घशाला ते कळतही नाही. त्यापेक्षा ४५ मिली जिन, १५ मिली व्होडका आणि चहाचा दीड चमचा वाइन घ्या. जिन लंडन ड्राय, म्हणजे गोड नसलेली साधी हवी, गुलाबी किंवा फळांच्या स्वादाची नको. व्होडका साधी. तिचं काम जिनचा मसालेदार तिखटपणा जरा मवाळ करणं एवढंच.

ग्लास अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ ताजा लावलेला हवा, कारण मटणाशेजारी आठवडाभर पडलेल्या बर्फाचा वास थेट पेयात उतरतो. डबा बर्फाने अर्ध्याहून जास्त भरा, सगळं ओता, झाकण दाबून धरून पंधरा सेकंद जोरात हलवा. डबा बाहेरून पांढुरका झाला, हाताला चटके बसू लागले की थांबा. चहाच्या गाळणीतून गाळा म्हणजे बर्फाचा चुरा येत नाही. पेय किंचित धूसर दिसेल, हलवल्यावर ते तसंच दिसतं.

सालीसाठी आपलं कागदी लिंबू नको, त्याची साल फार पातळ. संत्र्याची घ्या. पीलरने बोटभर लांब पट्टी काढा, आतला पांढरा भाग येऊ देऊ नका. ग्लासवर धरून दुमडली की तेलाचे बारीक तुषार पृष्ठभागावर पसरताना दिसतात आणि तो वास पहिल्या घोटाआधी येतो. मग पट्टी आत टाका.

परवाना आणि वयाचा २५ वर्षांचा नियम माहीत असेलच. सोबत खारे शेंगदाणे ठेवा, तिखट चिवडा नको, तो जिनचा वास मारतो. उरलेली शेनिन ब्लाँ बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत जेवणाबरोबर संपवा.