जुनी खरेदीखते, लिलावाच्या याद्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर) : आमच्या शेताचं शके १८३२ चं खरेदीखत मोडीत आहे. त्याची बाळबोध प्रत करून घेतली, तर तिच्यात क्षेत्र ३.१७ एकर आलं. मूळ कागदावर ‘क्षेत्र ३-१७-८, आकार ५-८-०, किंमत रुपये ५७५॥’ असे आकडे दिसतात. आजच्या पहाणीशी (जमिनीच्या उताऱ्याशी) क्षेत्र जुळत नाही. खरं काय मानायचं?

उत्तर : मूळ कागदातला आकडा खरा. प्रत करणाऱ्यानं आडव्या रेघेचा दशांश केला आणि तिसरा आकडा गाळला. ३-१७-८ म्हणजे ३ एकर १७ गुंठे ८ आणे. इथला आणा पैशाचा नाही. गुंठ्याचा सोळावा भाग तो आणा, म्हणून ८ आणे म्हणजे अर्धा गुंठा. एकराचे गुंठे ४०, तेव्हा साडेसतरा भागिले ४० करा. दशांशात क्षेत्र येतं ३.४३७५ एकर. ३.१७ लिहिल्यामुळे तुमची साडेदहा गुंठ्यांहून जास्त जमीन कागदावरच गेली. ही चूक फार ठिकाणी होते, आणि वाटणीच्या वेळी ती भावाभावांत येते.

आकारातही, म्हणजे शेतसाऱ्यातही, असेच तीन आकडे असतात, पण ते रुपये, आणे, पै आहेत. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. कुठला आकडा कशाचा हे अक्षर लागत नसलं तरी पडताळता येतं. जमिनीत मधला आकडा ३९ च्या वर जात नाही आणि शेवटचा १५ च्या वर जात नाही. पैशांत मधला १५ च्या वर आणि शेवटचा ११ च्या वर जात नाही. मधे २२ वाचला गेला, तर ते रुपये नव्हेत, क्षेत्र आहे. किमतीपुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे. एक रेघ चार आणे, तीन रेघा बारा आणे. या रेघांना पूर्णविराम समजून सोडून देऊ नका.

तारखेकडेही पाहा. शके १८३२ मध्ये सरसकट ७८ मिळवून १९१० लिहू नका. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ चालतात. पौषात इंग्रजी वर्ष बदलतं, पुढे माघ-फाल्गुनाला ७९ लागतात. ‘माघ शुद्ध ५’ असेल तर तो फेब्रुवारी १९११. संवत्सराचं नाव ‘साधारण’ असं लिहिलेलं असेल तर शक बरोबर वाचला. फसली (महसुली) साल दिलं असेल तर जूनपासूनच्या वर्षाला ५९० मिळवा: फसली १३२० म्हणजे १९१०-११.

आता मागची बाजू. मुद्रांक विकणाऱ्याची नोंद तिथं असते: कोणाला विकला, कोणत्या तारखेला, किती किमतीचा. त्याखाली दुय्यम निबंधकाचा शेरा: दस्ताचा अनुक्रमांक, पुस्तक नंबर, पानं. या तीन गोष्टी वहीत उतरून घ्या. स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्ये नोंदले जातात. हे पुस्तक कोणालाही फी भरून पाहता येतं आणि त्याची खरी नक्कल मिळते. शेरा फाटला असेल तर सूची १ नावावरून आणि सूची २ मिळकतीवरून शोधायला आहे. मुद्रांकावर पंचम जॉर्जचं चित्र आणि दस्त १९०८ चा, असं दिसलं तर थांबा, कारण ते गादीवर आले १९१० साली. उलट, सातव्या एडवर्डचा जुना मुद्रांक १९११ मध्ये वापरलेला असणं साहजिक आहे.

सर्व्हे नंबर जुना की फेरमोजणीनंतरचा, हेही तपासा. आपल्याकडे उताऱ्यावर ‘रि. स. नं.’ (फेरमोजणीचा नंबर) असतो, तो जुन्या नंबराशी जुळेलच असं नाही. भूमापन कार्यालयातून आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि आकाराची नोंद) आणि टिपण (मोजणीचं रेखाटन) घ्या, चतुःसीमा ताडून पाहा, आणि मगच क्षेत्राच्या दुरुस्तीचा अर्ज करा. चतुःसीमेत ‘पूर्वेस ओढा’ असेल तर तो आधार मोठा. ‘पूर्वेस अमक्याचं शेत’ असेल तर त्या माणसाचं नाव हक्कपत्रकात (जमिनीच्या हक्कांच्या नोंदवहीत) कुठल्या नंबरावर आहे ते आधी शोधावं लागतं.

प्रश्न (निपाणी) : घरात १९११ च्या एका कोर्टाच्या लिलावाची यादी सापडली. ‘मोट १ नाडा-सोलसह, काहिल १, हंडा तांब्याचा वजन शेर ८, कणगी ३, पेव १’ एवढं आहे. शेतकऱ्याचं घर आणि यादीत बैल, औत, स्वयंपाकाची भांडी काहीच नाही. ही यादी अपुरी आहे का?

उत्तर : अपुरी नसावी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं काही वस्तू जप्तीतून बाहेर ठेवल्या: अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याला पोट भरायला लागणारी औतं, जनावरं आणि बियाणं. शेतकरी स्वतः राहतो ते घरही. म्हणून अशा यादीत उरतं ते गरजेच्या पलीकडचं किंवा विकून पैसे होतील असं. बैल नसणं ही जप्ती नियमानं झाल्याची खूण आहे.

मोटेकडे बारकाईनं पाहा. कातड्याची मोट, वरच्या चाकावरून जाणारा जाड नाडा, खालच्या कण्यावरून सोंडेला जाणारी बारीक सोल, हे सगळं जंगम. विहीर, बैलांची धाव, पाणी पडायचं थारोळं हे जमिनीला जडलेलं, म्हणजे स्थावर. ते अशा यादीत येत नाही, जमिनीच्या लिलावात येतं. यादीत फक्त मोट असेल तर विहीर विकली गेली असं समजू नका. पेवाची गोष्ट उलटी. पेव जमिनीत खोदलेलं असतं, त्यामुळे ते जंगम यादीत आलं म्हणजे बहुधा आतलं धान्य विकायचं होतं. ‘पेव’ या शब्दापुढे पायली किंवा खंडी लिहिली आहे का पाहा. कन्नड कागदात त्याला हगेव म्हणतात. जुनं पेव आज घरात सापडलं तर लगेच आत उतरू नका. बंद पेवात श्वास घेण्याजोगी हवा राहत नाही.

हंड्याचं वजन काढताना शेर पक्का की कच्चा हे पाहणं जरुरीचं. पक्का शेर ८० तोळ्यांचा, आजच्या ९३३ ग्रॅमच्या आसपास. तसे आठ शेर म्हणजे साडेसात किलोला थोडं कमी. कच्चा शेर बराच लहान. यादीत इतर भांडी असतील तर त्यांची वजनं ताडून पाहा: पाणी प्यायच्या साध्या तांब्याचं वजन दोन-तीन शेर आलं, तर शेर कच्चा. धान्याचा शेर हा वजनाचा नव्हे, मापाचा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यावरून किलो काढू नका, ज्वारी आणि भात एकाच पायलीत सारखे भरत नाहीत.

लोखंडी नांगर किंवा उसाचा चरक असेल तर त्यावर ओतीव अक्षरं असतात, ती आधी वाचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढलं होतं, पुढे त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये गेला. ओतीव अक्षरांत किर्लोस्करवाडी असेल तर वस्तू १९१० नंतरचीच.

प्रश्न (चिकोडी) : आजोबांच्या खरेदीखतात ‘दहा वर्षांत रक्कम परत दिल्यास जमीन परत द्यावी’ असं आहे. ही विक्री की गहाण?

उत्तर : याला आपल्याकडे मुदत खरेदी म्हणतात. अट त्याच दस्तात असेल तर शर्तीच्या विक्रीनं गहाण ठरण्याचा संभव असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९२९ च्या दुरुस्तीनंतर अट त्याच दस्तात असल्याशिवाय गहाण मानत नाहीत. पण त्याआधीचे व्यवहार वेगळ्या कागदावर अट लिहून झाले आहेत. म्हणून पेटीत त्याच तारखेचं करारपत्र आहे का ते पाहा. सोडवून घ्यायची मुदत बहुतेक व्यवहारांत केव्हाच संपली आहे, तरी कागद वकिलाला दाखवा, कारण ताबा कोणाकडे कसा आला हे त्यातूनच कळतं.

प्रश्न (अथणी) : खरेदीखतात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ आहे. म्हणजे बांधावरचे आंबेही विकले गेले का?

उत्तर : हो, वेगळं वगळलेलं नसेल तर. ‘तरु’ लिहिलं आहेच. उभं पीक, गवत आणि तोडायची लाकडं कायद्यानं स्थावर नाहीत, पण फळांसाठी ठेवलेला आंबा स्थावरात येतो. कुणी ‘झाडं आमची’ म्हणत असेल तर त्याच्याजवळ नोंदणी झालेला कागद हवा, झाडांची किंमत शंभर रुपये किंवा जास्त असेल तर.

प्रश्न (शहापूर) : १९१२ चं खरेदीखत बेळगावच्या नोंदणी कार्यालयात सापडत नाही.

उत्तर : शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, बेळगावच्या इंग्रजी हद्दीत नव्हतं. विलीनीकरण १९४८ चं. मुद्रांकावरचा शिक्का पाहा. तो संस्थानाचा असेल तर बेळगावच्या पुस्तकात शोधणं व्यर्थ. रायबागच्या लोकांनी कोल्हापूर संस्थानाचा शिक्का पाहावा, ते संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं.

प्रश्न (बेळगाव) : मोडी कागद फाटू लागलाय. लॅमिनेशन करावं का?

उत्तर : नको. लॅमिनेशन परत निघत नाही. जुन्या शाईनं अक्षरांच्या जागी कागद आधीच कमकुवत झालेला असतो, त्यात उष्णता बसली की तो तुटतो. चिकटपट्टीही लावू नका, तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरांवर उतरतो. घडी हलक्या हातानं उघडा, खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागचे शेरे विसरू नका. मग सपाट ठेवून सुती रुमालात बांधा आणि कोरड्या जागी ठेवा, भिंतीला लागून नको. खानापूरकडच्या पावसाळ्यात कसर लवकर लागते, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघावं.