निवड, पसंती, कल: विसंगत निवडींबद्दल लिहिताना कोणता शब्द?

प्रश्न असा: माणूस तेच दोन पर्याय समोर असताना कधी एक निवडतो, कधी दुसरा. अशा निवडींवरून त्याच्या मनातली पसंती ओळखण्याबद्दल लिहिताना आवड, पसंती, प्राधान्य, कल यांतला कोणता शब्द घ्यावा?

आधी 'निवड' वेगळी काढावी. ती डोळ्यांना दिसते, मोजता येते. 'पसंती' दिसत नाही. तिचे अनुमान करावे लागते. 'आवड' एकाच गोष्टीचीही असते, पसंतीला मात्र तुलना लागते, म्हणून इथे पसंतीच योग्य. 'प्राधान्य' टाळावे. नावडते कामही आपण प्राधान्याने उरकतो.

'कल' हा शब्द मात्र हवाच. दहा वेळा विचारल्यावर अ सात वेळा आणि ब तीन वेळा निवडला गेला, तर त्या तीन निवडींना चुका म्हणू नये. कल अ कडे आहे, आणि त्याचे प्रमाण ७:३ आहे. मानसशास्त्रज्ञ डंकन लूस यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रारूपात प्रत्येक पर्यायाला माणसाच्या लेखी एक ठरावीक वजन असते, आणि हे प्रमाण म्हणजेच त्या वजनांचे गुणोत्तर. ब आणि क यांच्यात ते ३:१ निघाले, तर अ आणि क यांच्यात ७:१ यायला हवे, म्हणजे आठपैकी सात वेळा अ. भरपूर वेळा विचारूनही प्रत्यक्षात निम्म्या वेळाच अ येत असेल, तर तिन्ही पर्याय एकाच मापाने तोलले जात नाहीत. तिथे 'मूळ पसंती' हा शब्दप्रयोग घाईचा ठरतो.

अ पेक्षा ब, ब पेक्षा क आणि क पेक्षा पुन्हा अ, असे वारंवार घडले तर 'चक्राकार पसंती' म्हणावे. 'पसंतीक्रम' म्हणू नये, कारण तिथे क्रमच लागत नाही.

आणखी एक प्रकार वेगळा ठेवावा. लिक्टेनस्टाइन आणि स्लोविक या मानसशास्त्रज्ञांच्या १९७१ च्या प्रयोगांत बरेच जण जिंकण्याची शक्यता जास्त असलेली पैज निवडत, पण किंमत सांगा म्हटले की मोठ्या बक्षिसाच्या पैजेला जास्त किंमत लावत. इथे विसंगती विचारण्याच्या पद्धतीतून येते. नुसती जास्त वेळा विचारणा करून ती जात नाही. याला मी 'पसंतीपालट' म्हणेन. अशा ठिकाणी 'पसंती' एकटी लिहू नये; 'निवडीतली पसंती' आणि 'किमतीतली पसंती' असे स्पष्ट लिहावे.


वर 'अंदाज' ऐवजी 'अनुमान' का लिहिले, तर अंदाज पुराव्याशिवायही बांधता येतो.