वाचकांचे प्रश्न : आपोआप जाणारे मेल

प्रश्न : नोंदणी केलेल्या वाचकांना मी रोज एक असे सात मेल आपोआप पाठवतो. पहिला बहुतेक जण उघडतात, पण चौथ्यापासून नोंदणी रद्द करणाऱ्यांची रांग लागते. मेल कमी करावेत का?

उत्तर : सात जास्त नाहीत, रोज हे जास्त आहे. पहिला मेल नोंदणी होताच गेला पाहिजे. ज्यासाठी माणसाने पत्ता दिला ती पुस्तिका किंवा सवलतीचा कोड त्यात वरच्या दोन ओळींतच हवा. आपली ध्येयधोरणं नंतर. दुसरा मेल एक दिवसाने, तिसरा आणखी दोन दिवसांनी आणि पुढे चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. तुमची गळती नेमकी चौथ्यापाशी आहे. तिथे अचानक विक्री सुरू होते का, ते बघा. होत असेल, तर पहिल्याच मेलमध्ये सांगून टाका की एवढे मेल येतील आणि त्यातल्या अमुक मेलमध्ये आमच्या वस्तूबद्दल असेल.

‘उघडले’ हा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. २०२१ मध्ये ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची एक सोय आली. ती चालू असली की मेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात. चित्र उतरलं की मेल उघडला असं धरलं जातं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडला म्हणून मोजला जातो. क्लिक आणि उलट आलेली उत्तरं मोजा. उत्तरं हवी असतील, तर ‘नो-रिप्लाय’ पत्ता आधी काढून टाका.

प्रश्न : ज्यांनी खरेदी केली, त्यांनाही ‘अजून विचार करताय?’ असा मेल जातो. अट तर घातलेली आहे.

उत्तर : अट बहुधा चुकीच्या जागी आहे. ‘खरेदी केली का? – तीन दिवस थांबा – मेल पाठवा’ असा क्रम असेल, तर त्या तीन दिवसांत झालेली खरेदी कुणी बघतच नाही. आधी थांबा, मग तपासा, मग पाठवा. आणि हे प्रत्येक मेलआधी. शिवाय ‘खरेदी झाली की मालिकेतून बाहेर’ असा नियम संपूर्ण मालिकेला लावा. एवढं करूनही मेल जात असेल, तर त्या व्यक्तीने नोंदणी एका पत्त्यावरून आणि खरेदी दुसऱ्यावरून केलेली असते. सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन माणसं. खरेदीच्या पानाच्या लिंकमधून नोंदणीचा ओळखक्रमांक पुढे पाठवला, तर ती जोडता येतात.

प्रश्न : मेल स्पॅममध्ये जातात. मजकूर बदलू का?

उत्तर : मजकुराआधी तुमच्या डोमेनवरच्या (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरच्या) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी तपासा. मेल खरंच तुमच्याकडून आला आहे का, हे त्यांवरून पडताळलं जातं. दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही सक्तीच्या केल्या. जाहिरातीच्या मेलसाठी एका क्लिकमध्ये नोंदणी रद्द करण्याची सोयही लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ टक्क्यापर्यंत तर कधीच पोहोचू देऊ नका. रद्द करायची लिंक बारीक अक्षरांत लपवली, की लोक ‘स्पॅम’चं बटण दाबतात.

मालिका सुरू करण्याआधी स्वतःच्या दुसऱ्या पत्त्याने, नावाची चौकट रिकामी ठेवून नोंदणी करा. ‘नमस्कार ,’ असं काही आलं, तर नावाच्या जागी ‘वाचकहो’ हा पर्याय भरा. चाचणीपुरते दिवसांऐवजी पाच-पाच मिनिटं ठेवा; पण नंतर ती बदला, नाहीतर सातही मेल अर्ध्या तासात जातील.