एकसारख्या पाकळ्यांची कागदावरची गोधडी: कात्रीआधी जागा कशी शोधायची?

तुम्ही विचारलंय की आजीच्या दोन छापील सुती साड्या घरात आहेत. त्यांतली फुलं आणि मोर षट्कोनात नेमके बसवायचेत, आणि कागदाच्या तुकड्यांवर कापड दुमडून हाताने जोडतात त्या पद्धतीने गोधडीचे ठोकळे, म्हणजे पुढे एकत्र जोडायचे नक्षीचे भाग, करायचेत. सहाही पाकळ्या हुबेहूब दिसायला हव्यात, तर नक्षी कशी निवडायची आणि कापड पुरेल का?

कापड पुरेल. या कामाला साडीइतकं सोयीचं कापड मला अजून सापडलेलं नाही, कारण इथे मीटर मोजून उपयोग नसतो, नक्षी किती वेळा परत येते ते मोजावं लागतं. साडी साडेपाच मीटरची धरा. नक्षी दर 30 सेंटीमीटरला परत येत असेल, तर एका सरळ ओळीत तोच मोर 18 वेळा भेटतो. एका फुलाला मधला एक षट्कोन आणि भोवती सहा पाकळ्या लागतात, म्हणजे एका ओळीतच तीन फुलांच्या पाकळ्या निघाल्या. पन्ह्यात तोच मोर आणखी कुठे असेल तर तो वेगळा. नऊवारी असेल तर विचारूच नका. फक्त पदर आणि काठ या हिशेबात धरू नका, त्यांची नक्षी वेगळी चालते.

आता नक्षी शोधण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या कामाचा जीव तिथेच आहे. शिवण कुणालाही आठवडाभरात जमते.

एक इंच बाजूचा षट्कोन घ्या. तो समोरासमोरच्या बाजूंमध्ये सुमारे 4.4 सेंटीमीटर आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे 5.1 सेंटीमीटर भरतो. एका जाड पुठ्ठ्यात या मापाची खिडकी कापा. ही खिडकी साडीवर ठेवून फिरवत राहा. पूर्ण फूल मधोमध आणायचा मोह आधी होतो, पण त्यातून फार काही घडत नाही. फुलाचा एक कोपरा, दोन पानांमधली रिकामी जागा, देठाचं वळण, मोराची नुसती मान, अशा जागा खिडकीत धरून बघा. कारण हा तुकडा एकटा दिसणार नाहीये, सहा वेळा गोल फिरून दिसणार आहे.

तो फिरल्यावर कसा दिसेल हे कापण्याआधी कळायला दोन छोटे आरसे पुरतात. पर्समधले चालतील, कडेला चौकट नसलेले असले तर उत्तम. मागून चिकटपट्टीने बिजागरीसारखे जोडा आणि 60 अंशांत उघडून साडीवर उभे करा. सहा वेळा गुणलेली नक्षी समोर उभी राहते. षट्कोनी फुलाची प्रत्येक पाकळी मध्यबिंदूपासून बरोबर 60 अंशांच्या फाकीत मावते, म्हणून हा अंदाज इतका जवळ जातो. मी पहिल्यांदा आजेसासूबाईंच्या जांभळ्या साडीवर आरसे ठेवले, तेव्हा दुपारचा चहा गार झाला तरी उठवेना. जी साडी इतकी वर्षं मी नुसती फिकट जांभळी म्हणून पाहिली होती, तिच्यात निदान दहा वेगवेगळी फुलं दडलेली होती.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आरसा प्रतिमा उलटी दाखवतो, तुम्ही कापाल ते तुकडे सगळे सुलटेच असतील. नक्षी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असेल, जसं समोरून दिसणारं कमळ, तर आरशातलं आणि शिवलेलं सारखंच येईल. कुयरीसारखी एकीकडे झुकलेली नक्षी असेल तर आरशात कुयऱ्या जोडीजोडीने एकमेकींकडे बघतील, आणि शिवल्यावर मात्र सगळ्या एकाच दिशेने भिंगरीसारख्या फिरतील. मला स्वतःला भिंगरीच जास्त आवडते. पण जोड्याच हव्या असतील तर साडीत डावीकडे आणि उजवीकडे बघणारे, दोन्ही मोर आहेत का ते आधी तपासा. असतील तर प्रत्येकी तीन कापायचे आणि एकाआड एक लावायचे.

जागा ठरली की पारदर्शक फाइलच्या कव्हरमधून षट्कोन कापा, त्याच्या सहाही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे दुमडायला जास्तीची जागा, सोडा आणि आतली रेषा पेनाने गिरवा. ते साडीवर ठेवून खालच्या नक्षीतल्या तीन-चार ठळक खुणा, म्हणजे चोच, पानाचं टोक, देठ, त्याच्यावरच उतरवून घ्या. कुठली बाजू फुलाच्या मध्याकडे जाणार तिथे बाण काढा. पुढचे पाचही तुकडे या खुणा जुळवूनच आखायचे. पट्टीने अंतर मोजून आखू नका. मी ते केलं होतं, हातछपाईच्या कापडावर. ठसा हाताने मारतात, त्यामुळे तो दर वेळी किंचित सरकतो, आणि दोन मिलिमीटरचा फरकही सहा पाकळ्या शेजारी आल्या की डोळ्यांत भरतो. ते फूल मी उसवलं.

तुमचा पुढचा प्रश्न बहुतेक असा असेल की असं वाटेल त्या दिशेने कापलं तर कापड तिरकं ताणलं जाणार नाही का. एरवी जाईल. इथे आतला कागद त्याला धरून ठेवतो, आणि म्हणूनच नक्षी नेमकी बसवण्याचं काम कागदावरच इतकं चांगलं होतं. इंग्लंडमध्ये ही पद्धत फार जुनी आहे. कागदावर रेशमी तुकडे बसवून केलेली 1718 सालची एक चादर तिथे जपलेली आहे. तिथल्या अर्धवट राहिलेल्या जुन्या कामांत आत जुनी पत्रं, वर्तमानपत्रांचे तुकडे अजून सापडतात, आणि त्यांच्यावरून काम कोणत्या काळातलं ते ठरवता येतं. अमेरिकेत षट्कोनी नमुना 1835 साली एका स्त्रियांच्या मासिकात छापून आला होता.

आणि आपला संबंध तर थेट आहे. आपल्या किनाऱ्यांवरून गेलेलं चिटाचं, म्हणजे छापील सुती, कापड इंग्लंडमध्ये इतकं खपू लागलं की तिथल्या विणकरांनी ओरड केली. 1700 साली छापील सुती कापडाच्या आयातीवर बंदी आली, 1721 च्या कायद्याने ते वापरण्यावरही, आणि ती 1774 मध्ये उठली. अठराव्या शतकात तिकडच्या बायका चिटातली एकेक फुलं, पक्षी कापून साध्या कापडावर टाचत होत्या. तुम्ही आजीच्या साडीतला मोर कापणार, त्याच्या मागे एवढा इतिहास आहे.

षट्कोनाने समाधान झालं की लांबट षट्कोन करून बघा. लुसी बॉस्टन नावाच्या इंग्लिश बाई हेमिंगफर्ड ग्रे इथल्या आपल्या जुन्या घरात बसून अशा कामाची पांघरुणं शिवत. त्यांच्या क्रूसाच्या ठोकळ्यात 24 लांबट षट्कोन असतात आणि मधल्या चौघांची काटकोनी टोकं एका बिंदूत मिळतात. तिथे आरसे 90 अंशांत उघडायचे आणि नक्षी चाराच्या पटीत मोजायची.

शिवणीबद्दल थोडक्यात. कागद म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका वापरते, जाडी अगदी योग्य असते, पण चकचकीत छपाईची बाजू कापडाला लागू देऊ नका. माया कागदावर दुमडून कच्च्या टाक्याने धरा. गोंदाची कांडीही चालते, पण साडीचं मऊसूत कापड गोंदाने कडक होतं, म्हणून मी टाकेच घालते. दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून काठाकाठाने बारीक टाके घालत जायचं, सुई बारीक आणि कागदाला न टोचता. इंचाला पंधरा-सोळा टाके आले की शिवण वरून दिसत नाही. कागद मात्र त्या षट्कोनाच्या सहाही बाजू जोडल्याशिवाय काढू नका.

तुमच्या साड्या जुन्या आहेत, तर कापण्याआधी दोन गोष्टी करा. दोन्ही साड्या वेगवेगळ्या धुवा आणि लाल, काळ्या रंगावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते बघा. आणि साडी उजेडासमोर धरा. जिथे विरलेली दिसेल तिथली नक्षी कितीही सुंदर असली तरी सोडून द्या, नाहीतर मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लावून मगच कापा.

कापून झाल्यावर साडीची चाळणी होते, आणि ते बघून पहिल्यांदा पोटात कालवतं. माझंही झालं होतं. म्हणून सुरुवात आजीच्या साडीने नको. एखाद्या जुन्या छापील ओढणीवर दोन फुलं पूर्ण करा, मग साडीला हात लावा. उरलेली भोकाभोकांची साडी टाकायची नाही, तीच गोधडीच्या आत थर म्हणून घाला. माझ्या गोधडीत वरची फुलं आणि आतला थर एकाच साडीचे आहेत, आणि वर धावदोरा घालताना सुईला दोन्हीकडे तेच ओळखीचं मऊ कापड लागतं.